तेरा माणसांची लिफ्ट

मित्रांनो, बसा म्हटलं असतं, पण माझ्याकडे बसायची सोय नाही. उभ्याउभ्याच ऐका. मी एक जुनी लिफ्ट आहे. माजिवड्याच्या नाक्यावरून आत वळलात की नीलपर्ण हाइट्स नावाची अठरा मजल्यांची इमारत लागते, तिच्यातली पुढची लिफ्ट. आता पंधरा वर्षं झाली मला. लिफ्टच्या हिशेबात हे काही पोरवय नाही. माझे दोर दोनदा बदलले, आरशाचा एक कोपरा गेला, आणि सातव्या मजल्यावर थांबताना मी हल्ली जराशी कण्हते. लगेच लोक म्हणतात, "ही म्हातारी एक दिवस आपल्याला खाली पाडणार." पडत नाही हो मी. आजवर एकदाही पडलेली नाही. पण ऐकून घ्यावं लागतं.

ऐकणं हाच माझा उद्योग म्हणा ना. फक्त माझं ऐकणं नेहमी अर्धवट असतं. तळमजल्यावरून अठराव्यावर जायला मला पाऊण मिनिट लागतं. तेवढ्यात जे बोललं जाईल तेवढंच माझ्या वाट्याला येतं. कुणाचं तरी लग्न मोडतं, आणि का मोडलं ते सांगायच्या आत त्यांचा मजला येतो. सुरुवातीला फार चुटपुट लागायची, मग सवय झाली. आज जे सांगणार आहे तेही असंच आहे. दार उघडं असताना जेवढं दिसलं आणि कानावर पडलं, तेवढं. पदरचं काही घातलेलं नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथून मी ट्रकमधून सुट्या भागांत आले, पुठ्ठ्यात आणि प्लास्टिकात गुंडाळून. तेव्हा या इमारतीला रंग नव्हता, जिन्याला कठडा नव्हता. कारागिरांनी मला जोडलं, तेल दिलं, आणि मग माझी परीक्षा घ्यायची वेळ आली. माझ्या आत एक पितळी पट्टी आहे. तिच्यावर लिहिलंय, तेरा व्यक्ती, आठशे चौऱ्याऐंशी किलो. एवढं ओझं घेऊन वरखाली करून दाखवायचं, तरच पास. त्यासाठी वजनाचे लोखंडी ठोकळे यायचे होते, ते घोडबंदर रोडला गाड्यांच्या रांगेत अडकले. सुपरवायझर घाईला आलेला. त्याने बाहेर हाक मारली, "ए, घमेली ठेवा खाली! तेरा जण आत या." आणि सिमेंटने पांढऱ्या झालेल्या पायांनी कामावरच्या बाया नि बाप्ये माझ्यात शिरले.

त्यातली तेरावी होती मंजुळा. खडवलीजवळच्या पाड्यावरून आलेली, चोवीस-पंचवीस वर्षांची. आत आली ती आरशासमोरच खिळली. डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला एकदम असं तिने कधी पाहिलं नसावं. पदराने तोंड पुसलं आणि एकटीच हसली. मी वर निघाले तशी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले. "आई गं, पोटात गोळा आला!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसत सुटले. अठराव्यावर दार उघडलं तर समोर पार खाडीपर्यंतचं दिसत होतं. मी पास झाले. माझ्यातून सगळ्यात आधी वर गेली ती ही तेरा माणसं. इमारतीतल्या कुणाला हे माहीत नाही, कारण तेव्हा इथे कुणी राहतच नव्हतं.

मग माणसं राहायला आली. पहिलं कुटुंब काळुराम आणि कमळाबाईंचं. ही जमीनच मुळात त्यांची. मी उभी आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं, आणि पलीकडे खाडीला लागून मिठागरं. काळुरामांच्या वडिलांचं सगळं आयुष्य त्या मिठात गेलं. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात नवव्या मजल्यावर त्यांना फ्लॅट दिले. कमळाबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या उंबरठ्यावर नारळ फोडला. असा जोरात फोडला की उंबरठ्याला पोचा आला. "हिचा पाय घराला चांगला लागू दे," म्हणाल्या. मला पाय नाहीत, पण भावना पोचली.

ती माझी सुखाची वर्षं. लोक पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायचे. आरशासमोर मुली वेण्या सारख्या करायच्या, नवरे टाय ओढायचे. काळुरामांची नात समृद्धी जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा वर नेलं ते मीच, आणि काळुराम गेले तेव्हा त्यांना खाली आणलं तेही मीच. मंजुळाही परत आली. बाकीचे मजूर पुढच्या कामावर गेले, ती मात्र महामार्गापलीकडच्या वस्तीत राहिली आणि इथे चार घरची कामं धरली. चौदाव्या मजल्यावरच्या आजींकडे तर ती जवळपास घरचीच झाली. आजी एकट्या, मुलगा परदेशात. मंजुळा त्यांना अंघोळ घालायची, जेवू घालायची, आणि जाता जाता माझा आरसाही पदराने पुसायची. कुणी सांगितलेलं नसायचं तिला. आमची जुनी ओळख होती, एवढंच.

आणि मग तो आजार आला. तुम्हाला आठवत असेल, नाहीतर घरच्यांनी सांगितलं असेल. सगळं बंद झालं. मी दिवसदिवस एका मजल्यावर उभी असायचे. हळूहळू लोक पुन्हा बाहेर पडू लागले, आणि एका सकाळी माझ्या दाराशेजारी पाटी लागली. घरकाम करणाऱ्या बाया, सामान पोचवणारे आणि विक्रेते यांनी या लिफ्टचा वापर करू नये, मागच्या लिफ्टने जावं. आढळल्यास दंड. संसर्ग टाळण्यासाठी आहे म्हणे. मला तेव्हा ते पटलंही. आजार म्हणजे आजार. पण पुढे आजार गेला, तोंडावरचे मास्क गेले, कोपऱ्यातली सॅनिटायझरची बाटली गेली, आणि पाटी तेवढी राहिली. चार स्क्रू मारून पक्की बसवलेली. एकदा समृद्धीने वडिलांना माझ्यातच विचारलं होतं, "पप्पा, ब्रूनो चालतो ना या लिफ्टमध्ये? मग मंजुळाताई का नाही?" ब्रूनो म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या साहेबांचा कुत्रा. तिचे पप्पा म्हणाले, "तुला नाही कळायचं ते."

हे पप्पा म्हणजे प्रितम, कमळाबाईंचा मुलगा. सोसायटीचा सेक्रेटरी. पाटीवर सही त्याचीच. तुम्ही म्हणाल, ज्यांच्या शेतावर इमारत उभी राहिली त्यांच्याच मुलाने असं का करावं? मी सांगते. फार वर्षांपूर्वी माझ्या बटणांशेजारी कुणीतरी चिठ्ठी चिकटवली होती. 'नवव्या मजल्यावर सुकट भाजल्याचा वास लिफ्टमध्ये येतो. सुशिक्षित लोकांत राहायचं तर तसं वागावं.' खाली नाव नव्हतं. ती चिठ्ठी सगळ्यात आधी वाचली ती प्रितमने. त्याने ती खरवडून काढली, खिशात कोंबली. कानापर्यंत लाल झाला होता. त्यानंतर तो घरची बोली सोडून पुस्तकी बोलायला लागला, आणि कमिटीत शिरला तो सगळ्यांत कडक होऊन. मला त्याची कीव यायची. रागही यायचा.

तरी मागची लिफ्ट होती तोवर निभत होतं. ती बिचारी लहानखुरी, तिला ना आरसा ना पंखा. गणपतीनंतर तीही बंद पडली. तिचा कुठलासा भाग यायचा होता. आज येतो, उद्या येतो, असं करत तीन महिने गेले. पाटी होतीच, म्हणजे बायांनी जायचं कुठून? जिन्याने. चौदा मजले, सोळा मजले, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन. माझ्याशेजारच्या भिंतीपलीकडेच जिना आहे. त्यांच्या धापा मला ऐकू यायच्या, आणि मी कित्येकदा एकटा एक माणूस घेऊन वर जात असायचे. लाज वाटायची हो.

एका मंगळवारी सकाळी मंजुळा पळतच आली. फोन कानाला लावलेला. "आजी, हलू नका. नाही, उठायचं नाही. मी आलेच." आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. फोन गळ्यात अडकवलेला असतो म्हणून तेवढा तरी लावता आला. मंजुळाने जिन्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत आली. चौदाचं बटण दाबलं. मी निघाले. इतक्या वर्षांत मला कधी एवढी घाई झालेली नव्हती.

सहाव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं. मी थांबले. मित्रांनो, मला दुसरं काही येतच नाही, बटण दाबलं की थांबायचं एवढंच येतं. दार उघडलं तर साहेब आणि ब्रूनो, रोजच्यासारखे गच्चीवर फिरायला निघालेले.

"पाटी वाचता येत नाही?" साहेब म्हणाले.

"साहेब, चौदाव्यावरच्या आजी पडल्यात. एकट्या आहेत."

"तुमचं रोज काहीतरी असतंच. उतर."

"एवढ्या एका वेळी जाऊ द्या ना. हात जोडते."

"उतर आधी. मग बोल."

मंजुळा उतरली. ब्रूनो आत आला, साहेब आत आले, दार लागलं. पलीकडे जिन्यावर तिची पावलं धडधडत वर चढताना मला ऐकू येत होती. आणि पुढचं ऐका. चौदाचं बटण ती दाबून गेली होती. त्यामुळे मी चौदाव्यावर थांबले. दार उघडलं. समोर आजींचं बंद दार. उतरायला कुणीच नव्हतं. साहेबांनी घड्याळात पाहिलं आणि दार लावायचं बटण दोनदा दाबलं.

आजींचं मनगट मोडलं होतं. बाकी निभावलं. पण मंजुळा पोचेपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या, आणि ती जी काही मिनिटं होती ती माझ्या पोटातून अजून गेलेली नाहीत.

वाटलं, आता तरी कुणाला काही वाटेल. तर झालं भलतंच. माझ्या छताला कोपऱ्यात एक कॅमेरा आहे. त्या संध्याकाळी जो तो माझ्यात चढला तो मोबाइलकडेच बघत होता. सोसायटीच्या ग्रुपवर मंजुळाचा फोटो आला होता, माझ्यातला, आरशाजवळ उभी असलेली, चेहऱ्याभोवती लाल गोल. 'नियमभंग. या बाईवर कारवाई व्हावी.' फोटो माझ्याच डोळ्याने काढलेला. मला तो डोळा फोडून घ्यावासा वाटला. समृद्धीने विचारलं, "पप्पा, हा कुणी टाकला?"

"कमिटीने."

"कमिटी म्हणजे तुम्हीच ना?"

प्रितम माझे बदलते आकडे बघत राहिला. नववा आला आणि तो आधी उतरला.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर, माझ्या दारासमोरच, मंजुळा लक्ष्मी मावशीला सांगत होती. लक्ष्मी मावशी म्हणजे इथल्या कामवाल्यांतली सगळ्यात वयस्क, बासष्ट वर्षांची, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली. "मावशी, मी नाही येत उद्यापासून. चोरासारखा फोटो फिरवला माझा. माझ्या पोरीने बघितला तर काय सांगू तिला? मी चोरी केली का गं?" आणि ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

मावशीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "तू आली नाहीस तर त्यांचंच खरं होईल. यायचं. वेळेवर यायचं. सुट्टी नाही, भांडण नाही, कुणाला उलट बोलायचं नाही. नियम काय म्हणतो? जिन्याने जा. मग जायचं जिन्याने. फक्त माझ्या पुढे कुणी जायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ज्या चालीने चढेन त्या चालीने सगळ्यांनी चढायचं. माझे गुडघे हे असे. मी काय करू?"

आणि मित्रांनो, सोमवारपासून मी जे पाहिलं ते सांगताना मला आजही मजा वाटते. इथे गेटवर वॉचमन प्रत्येक बाईची मोबाइलमध्ये नोंद करतो, की लगेच तिच्या मालकिणीच्या फोनवर वाजतं, 'मंजुळा आली.' सोमवारी पावणेआठला एकदम एकोणचाळीस फोन वाजले. एकोणचाळीस बाया आल्या. मालकिणींनी भांडी घासायला काढून ठेवली. आठ वाजले, सव्वाआठ झाले, दारावर कुणी नाही. कारण लक्ष्मी मावशी तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसली होती, आणि तिच्यामागे सगळी रांग. प्रत्येक मजल्यावर मावशी टेकायची, घोटभर पाणी प्यायची, कुणाच्या पोरीचं कितवी चाललंय ते विचारायची, आणि मग "चला गं बायांनो," म्हणून उठायची. सोळाव्यावर बेल वाजायला पावणेदहा झाले.

लोक संतापले. माझ्यात शिरायचे आणि दात-ओठ खायचे. "हा संपच आहे सरळ!" पण संप कुठे होता? बाया हजर, वेळेवर हजर, फोनमध्ये नोंद आहे. वॉचमनला झापलं तर तो म्हणाला, "साहेब, पाटीवर लिहिलंय तसंच चाललंय की!" तिसऱ्या दिवशी कमिटीने एका एजन्सीकडून चार नव्या बाया आणल्या. त्या आल्या, पाटी वाचली, जिन्यात डोकावल्या, लक्ष्मी मावशीकडे पाहिलं, आणि गुपचूप रांगेच्या शेपटाला जाऊन उभ्या राहिल्या. सातव्या मजल्यावर राहणारी निशा चहाचा मोठा थर्मास घेऊन जिन्यात बसू लागली. ऑफिसला जाणारी बाई, पण उशीर करून जायची. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. चौथ्या दिवशी तर कुणीतरी हळदीची गाणी धरली. मी मात्र वरखाली करत होते, रिकामी. तेव्हा मला वाटलं, मलाही तिकडे जाता आलं असतं तर!

पाचव्या दिवशी सकाळी नवव्या मजल्यावर कमळाबाई माझ्यात आल्या. एकट्या. बहात्तर वर्षांच्या, पाठीला बाक आलेला. तळमजल्यावर उतरल्या आणि बायांच्या रांगेकडे गेल्या. "सगल्यांत म्हातारी पुढे, असाच हाय ना तुमचा?" त्यांनी विचारलं. लक्ष्मी मावशी बघतच राहिली. "मंग सरक. मी पुढे."

झालं! आता चाल कमळाबाईंची. पहिला मजला चढायलाच दहा मिनिटं. वॉचमनने प्रितमला फोन केला. तो तसाच शर्टाची बटणं लावत माझ्यात शिरला. दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं, पाय दारात रोवून तो जिन्याकडे बघत म्हणाला, "आये, लिफ्टने चल." कमळाबाई पुढे गेल्या. त्याने तिसरा दाबला. तिथेही तेच. चौथ्यावर त्या पायरीवर बसल्या होत्या, मागे सगळ्या बाया, आणि प्रितम माझ्या दारात. दार फार वेळ अडवलं की माझा भोंगा वाजतो. तो वाजायला लागला.

"आये, लोक बघतात गं. माझी इज्जत काढतेस?"

"बघू दे. मना नको तुजी लिफ्ट."

"ही माणसं उद्या आपल्याला काय म्हणतील? आधीच..."

"आधीच काय? सुकटीचा वास येतो, असा बोलतात. ठाव हाय मना." त्यांनी पदराने मान पुसली. "तुना एक सांगते. तू वरसाचा होतास. मी मीठ इकाया जायची, ठाण्याला, बंगल्यांवर. तू कमरेवर. एका बंगल्यान मागल्या दारान गेलू, तुना तान लागलेली. पानी मागितला. बाई तांब्या घेऊन आयली नि बोलली, ओंजल कर. तांब्या हाती दिला नाय. वरून ओतला. माज्या ओंजलीन, नि माज्या ओंजलीतना तू प्यायलास. तुना काय कलतंय, तू हसत व्हतास. मी रडत आयली घरा."

माझा भोंगा तेवढा ओरडत होता. वरून कुणीतरी माझं बटण दणादणा दाबत होतं.

"त्या बाईच्या दारावर पाटी नव्हती," कमळाबाई म्हणाल्या. "तू पाटी लावलीस."

प्रितमने तोंडावरून हात फिरवला. त्याने दारातला पाय काढला आणि तो बाहेर पडला, जिन्याकडे. माझं दार लागलं आणि मला वर जावं लागलं. तो आईशी काय बोलला ते मला कधीच कळलं नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवशी तो माझ्यातून वर आला नाही. नवव्यापर्यंत आईच्या मागेमागे चढला.

रविवारी खाली पार्किंगमध्ये सभा झाली. मला ती तुकड्यातुकड्यांनी कळली. कुणी तावातावाने वर आलं, कुणी हसत. एकतीस विरुद्ध सत्तावीस मतांनी पाटी काढायचं ठरलं. म्हणजे सत्तावीस जणांना ती हवीच होती, हेही लक्षात ठेवा. प्रितमने स्वतः स्क्रू फिरवून ती काढली. ग्रुपवर त्याने लिहिलं ते समृद्धीने माझ्यातच कमळाबाईंना वाचून दाखवलं. 'मंजुळाताईंचा फोटो टाकणं ही चूक होती. ती मी केली. त्यांची माफी मागतो.' पण फोटो शंभर-दीडशे मोबाइलमध्ये गेलेला. तो काही परत येत नाही. तळमजल्यावर प्रितम मंजुळाला म्हणाला, "ताई, मी लिहिलंय ग्रुपवर. वाचलंत?"

"पोरीने वाचून दाखवलं."

"मग?"

"मग काय. कामाला उशीर होतोय," असं म्हणून ती जिन्याकडे वळली.

हो, जिन्याकडेच! बाकीच्या बाया दुसऱ्याच दिवसापासून माझ्यातून जाऊ लागल्या. मंजुळा मात्र आली नाही. आठवडा गेला. ती माझ्या दारासमोर यायची, वर कोपऱ्यात कॅमेऱ्याकडे बघायची, आणि जिना धरायची. मला वाटलं, ही आता माझ्यावर कायमची रागावली. तिचं काय चुकलं? सहाव्या मजल्यावर तिला उतरवताना मीच तर दार उघडून उभी होते. पाटी निघाली खरी, पण मंजुळा माझ्यात पाय ठेवत नाही तोवर काय उपयोग, असं मला रोज वाटायचं.

शेवटी लक्ष्मी मावशीने एके दिवशी तिचा दंड धरून तिला आत ओढलं. "मेले, माझ्या गुडघ्यांनी एवढं केलं ते कुणासाठी?" आणखी चार बाया होत्या. मंजुळा आरशाकडे पाठ करून अगदी दाराशी उभी राहिली.

सहाव्या मजल्याचं बटण पेटलेलं होतं. मी थांबले. माझ्या हातात असतं तर थांबले नसते. दार उघडलं. समोर साहेब आणि ब्रूनो.

आत सहा जणी, म्हणजे जागा भरपूर. पण साहेब हलले नाहीत. मोबाइल काढून त्यात बघू लागले. ब्रूनोला काय त्याचं? तो रोजच्यासारखा आत शिरला आणि मंजुळाचे पाय हुंगू लागला. कुत्रा आत, मालक बाहेर, मध्ये ताणलेली साखळी. मी दार लावू लागले, ते साखळीवर आपटून परत उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. साहेब साखळी ओढत म्हणाले, "ब्रूनो, बाहेर ये. बाहेर ये म्हणतो ना!" ब्रूनो खाली बसला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

दार तिसऱ्यांदा लागायला निघालं, तेव्हा मंजुळाने त्याच्यावर हात ठेवला.

"सोड गं," लक्ष्मी मावशी म्हणाली. "राहू दे त्याला तिथंच."

तिने हात काढला नाही. "या, साहेब," ती म्हणाली. "जागा आहे."

भोंगा वाजायला लागला. साहेब उभे. ती उभी. मी उभी. मग साहेब आत आले, दाराकडे तोंड करून उभे राहिले. मंजुळाने हात काढला, दार लागलं.

"गच्ची ना?" तिने विचारलं.

साहेबांनी मान डोलावली. तिने अठराचं बटण दाबलं. चौदावा आला, दार उघडलं, आणि या वेळी तिथे मंजुळा उतरली.

मित्रांनो, मला पुसत जा, माझ्यात पिचकाऱ्या मारू नका, बटणांशी खेळू नका, हे मी सांगणारच होते. म्हाताऱ्या यंत्रांना तेवढंच सुचतं. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. माझ्यात दाराची दोन बटणं आहेत, एक लावायचं आणि एक उघडं धरायचं. लावायच्या बटणावरची खूण बोटांनी घासून घासून पार पुसली गेलीय. उघडं धरायच्या बटणावरची पंधरा वर्षांनंतरही कोरी करकरीत आहे. तुम्ही माझ्यात शिरलात आणि मागून कुणी येत असलं, तर ते दुसरं बटण दाबा. कोण येतंय, ते बघत बसू नका.